नाशिकमध्ये घर शोधताय? गावात राहायचं की उपनगरात, हे कसं ठरवाल

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही चाळीसगावहून नाशिकला आलो. मिस्टरांना अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, मुलगी पहिलीत जाणार होती आणि घर शोधायला आमच्या हातात मोजून तीन दिवस होते. एजंटने आडगावच्या पुढे, हायवेपासून आत, एक नवा कोरा फ्लॅट दाखवला. भरपूर उजेड, समोर द्राक्षाचा मळा, भाडं सात हजार. दुसऱ्याच दिवशी आम्ही टोकन दिलं. पुढचे अकरा महिने त्या घाईने आमचा जीव काढला.

त्यानंतर आम्ही नाशिकरोडला राहिलो आणि आता इंदिरानगरला आहोत. मधल्या काळात भाऊ, दोन पुतणे आणि ऑफिसमधल्या तिघी-चौघींना घरं शोधून दिली. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: "गावात घ्यावं की बाहेर?" माझं उत्तर ठरलेलं असतं. घर शहराच्या मध्यापासून किती लांब आहे हे नंतर बघा. आधी तुमचं काम, मुलांची शाळा आणि घर एकाच बाजूला येतंय का ते बघा. नाशिकमध्ये निम्मा त्रास इथेच वाचतो.

१. आधी शहराचा नकाशा डोक्यात बसवा

नाशिक हे एकाच मध्याभोवती वाढलेलं शहर नाही. महापालिका १९८२ साली झाली तेव्हा जुनं नाशिक, नाशिकरोड, देवळाली, सातपूर अशी वेगवेगळी गावं आणि आसपासची खेडी एकत्र आली. आजही इथला माणूस "मी नाशिकरोडला राहतो" किंवा "सिडकोत राहतो" असंच सांगतो. "गावात जातो" म्हणाला तर समजायचं की रविवार कारंजा, मेनरोड, भद्रकाली, सराफ बाजार या भागात चाललाय.

ढोबळ मानाने भाग असे पडतात:

- गाव आणि त्याला लागून: जुनं नाशिक, शालिमार, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), अशोकस्तंभ. बाजार, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, बस, सगळं पायी अंतरावर. घरं जुनी, पार्किंगची बोंब.
- गंगापूर रोड, कॉलेज रोड, महात्मानगर: कॉलेजं, क्लासेस, मोठे दवाखाने. भाडं सगळ्यात जास्त इथेच.
- पंचवटी आणि नदीपलीकडे: हिरावाडी, अमृतधाम, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव. दिंडोरी रोड, पेठ रोड आणि ओझरकडे जाणाऱ्यांना सोयीचं.
- सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा: अंबड एमआयडीसी आणि मुंबई हायवे जवळ. खान्देशातली आमची निम्मी माणसं इथेच सापडतात.
- सातपूर, अशोकनगर, ध्रुवनगर: सातपूर एमआयडीसी आणि त्र्यंबक रोडची बाजू.
- नाशिकरोड, जेलरोड, उपनगर (हे इथल्या एका भागाचं नावच आहे), देवळाली कॅम्प: रेल्वे स्टेशन, नोटांची प्रेस, पुणे रोड, सिन्नरची बाजू. स्टेशनपासून सीबीएस नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. बाहेरून येणाऱ्यांना हे माहीत नसतं आणि "स्टेशनजवळ" म्हणजे शहराच्या मध्यात असं समजून ते घर घेतात.

शिंदे, पळसे, एकलहरे, विल्होळी, मातोरी, गोवर्धन ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. म्हणजे पाणी, घंटागाडी, रस्त्यावरचे दिवे यांसाठी तिथे वेगळ्या दारात जावं लागतं. जाहिरातीत हे सगळंच "नाशिक" म्हणून येतं. घर नक्की कोणाच्या हद्दीत आहे, हा पहिला प्रश्न विचारा आणि घरपट्टीची पावती बघा. पावती देणारं कार्यालय कोणतं, त्यावरून लगेच कळतं.

२. रोजची वाट मोजा, तीही तुमच्या वेळेला

आमची चूक इथेच झाली. आडगाव शहराच्या एका टोकाला, अंबड दुसऱ्या टोकाला. एजंट म्हणाला होता, "हायवेने सरळ पंधरा मिनिटं." आम्ही रविवारी दुपारी जाऊन बघितलं आणि खरंच साधारण तेवढाच वेळ लागला. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता तीच वाट वेगळी निघाली. उड्डाणपुलावरून जाणाऱ्याचं एक वेळ निभावतं, पण मुलीला क्लासहून घ्यायचं, भाजी घ्यायची, म्हणजे खाली उतरणं आलंच. खाली द्वारका. मुंबई-आग्रा रोड आणि पुणे रोड तिथे एकत्र येतात. सहाला सुटलेला माणूस भिजलेला रेनकोट घालून साडेसातला दारात उभा राहायचा आणि दहा मिनिटं नुसता बसून राहायचा, बोलायचाही नाही. ते दृश्य मला अजून आठवतं.

हिशेब आजच्या भावाने मांडून दाखवते. जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर सतरा-साडेसतरा लिटर पेट्रोल, साधारण अठराशे रुपये. इंदिरानगरचं घर तेव्हा नऊ हजारांना मिळत होतं, म्हणजे दोन हजारांनी महाग. दोन हजार वाचवायला गेलो आणि त्यातले बरेचसे पेट्रोलमध्येच घातले. वर सर्व्हिसिंग, टायर आणि रोजचा दीड तास.

म्हणून हे करा:

- घर पसंत पडलं की कामाच्या दिवशी, तुमच्या निघण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेला, तीच वाट एकदा जाऊन-येऊन बघा. सेकंड शिफ्ट असेल तर रात्री साडेअकराची वाटही बघा. दिवे आहेत का, कुत्री किती आहेत, रस्ता किती सुनसान आहे, ते दिवसा कळत नाही.
- वाटेत द्वारका, मुंबई नाका, बिटको किंवा सीबीएसचा सिग्नल येतोय का ते बघा. एक येत असेल तर चालतं. दोन येत असतील तर मी तरी दुसरं घर बघेन.
- नदी ओलांडावी लागते का? पंचवटीच्या बाजूला घर आणि अलीकडे काम असेल तर पावसाळ्यात आणि सणासुदीला पुलांवर गर्दी होते. रामसेतूसारखे खालचे पूल पुरात पाण्याखालीही जातात.
- कंपनीची बस असेल तर तिचा रूट आधी विचारा. सातपूर आणि अंबडच्या बऱ्याच कारखान्यांच्या बस ठरावीक थांब्यांवरून माणसं घेतात. थांब्यापासून पायी दहा मिनिटांत घर मिळालं तर गाडीचा खर्चच संपला. हा प्रश्न एचआरला विचारायला एक फोन पुरतो, आणि आम्ही तो केला नव्हता.

नवरा-बायको दोघंही कामाला जात असतील आणि ठिकाणं दोन टोकांना असतील, तर ज्याची वेळ जास्त अवघड त्याच्याजवळ घर घ्या. शिफ्टवाल्याला जवळ, ऑफिसवाल्याला थोडं लांब.

३. गाडी नसेल तर बस, शेअर रिक्षा आणि रेल्वे

आम्ही आलो तेव्हा शहर बस एसटी महामंडळ चालवायचं. जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक आहे. निमाणी, तपोवन, सीबीएस परिसर आणि नाशिकरोड इथून बहुतेक रूट निघतात. त्र्यंबकेश्वर, सिन्नर, भगूरपर्यंतही बस जातात. मोबाइल ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, पास काढता येतो. रोजच्या प्रवासाला पास काढाच.

घर बघताना एजंट "बसस्टॉप समोरच आहे" म्हणतो. थांबा असणं वेगळं आणि दर वीस मिनिटांनी बस येणं वेगळं. थांब्यावर सकाळी अर्धा तास उभं राहून किती बस येतात ते मोजा आणि तिथे उभ्या असलेल्या शाळा-कॉलेजच्या मुलींना शेवटच्या बसची वेळ विचारा. त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. मुख्य रोडवर, म्हणजे नाशिकरोड ते सीबीएस किंवा त्र्यंबक रोडला, फारशी अडचण येत नाही. आतल्या कॉलनीत आणि नव्या वस्तीत मात्र बस दोन-तीन तासांनी एकदा, असंही असतं.

शेअर रिक्षा हा नाशिकचा खरा आधार. शालिमारला उभं राहिलं की "रोड, रोड, नाशिकरोड" अशी हाळी ऐकू येते. मागे तिघं बसले की रिक्षा निघते, कधीकधी पुढे ड्रायव्हरशेजारी चौथाही बसवतात. पुढच्या सीटवर बसू नका, मागची रिक्षा दोन मिनिटांत येतेच. इथे मीटरने कोणी येत नाही हे गृहीत धरा. शेअरचे दर ठरलेले असतात, बसण्याआधी शेजारच्या प्रवाशाला विचारून घ्या. "स्पेशल" करायची असेल तर भाडं आधी ठरवा किंवा ॲपवरून बोलवा. रात्री साडेनऊ-दहानंतर शेअर रिक्षा कमी होतात आणि आतल्या भागात जायला ड्रायव्हर परतीचंही भाडं मागतात. उपनगरात घर घेणाऱ्याने महिन्यात किती वेळा उशीर होतो ते मोजून हा खर्च धरावा.

मुंबईला कामानिमित्त वारंवार जाणाऱ्यांनी नाशिकरोड, जेलरोड किंवा उपनगरलाच घर बघावं. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटते आणि संध्याकाळी मुंबईहून निघून रात्री साडेनऊ-दहाला परत आणून सोडते. पास काढून रोज मुंबईला जाणारी माणसं आहेत. त्यातल्या कोणी सिडकोत घर घेतलं तर पहाटे साडेपाचला त्याला बाहेर पडावं लागतं. दुसरी वाट कसाऱ्याची. मुंबई नाका-द्वारका बाजूने शेअर टॅक्सीने कसारा आणि तिथून लोकल. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही तर हीच कामाला येते. मुंबईची एसटी महामार्ग बसस्थानकावरून मिळते, त्या दृष्टीने इंदिरानगर, गोविंदनगर सोयीचं.

मेट्रो येणार, अमुक चौकात स्टेशन होणार, असं सांगून कोणी भाडं किंवा किंमत वाढवून मागत असेल तर देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. त्या भरवशावर पुष्कळांनी फ्लॅट घेतले. आज जी बस दारातून जाते तिचाच हिशेब करा.

४. पाण्याची चौकशी शेजारणीकडे करा

आडगावच्या त्या घरात फेब्रुवारीपर्यंत काही जाणवलं नाही. मार्चच्या शेवटी बोअरचं पाणी गढूळ यायला लागलं, मग बारीक झालं, मग मोटर नुसतीच घरघरायला लागली. बिल्डिंगला महापालिकेचं कनेक्शन होतं, पण सोळा फ्लॅटला अर्ध्या इंचाची एक लाईन. टँकर यायला लागले. पहाटे साडेचारला टँकरच्या हॉर्नने उठायचं, खाली जाऊन पाईप टाकीत नीट पडलाय ना ते बघायचं, नाहीतर निम्मं पाणी जिन्यावर. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे वेगळे लावले. भाडेकरारात "मेंटेनन्स भाडेकरूने भरावा" एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे ते आमच्याच बोकांडी बसले.

धरणं भरलेली असतात तरी असं होतं, कारण प्रश्न वाटपाचा असतो. शहराचं मुख्य पाणी गंगापूर धरणातून येतं. मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून सिडको, इंदिरानगर, पाथर्डीच्या बाजूला मिळतं. नाशिकरोडला दारणेचं पाणी चेहेडीहून येत आलंय. जुन्या वस्त्यांत टाक्या आणि लाईन आधीपासून आहेत. नव्या वस्तीत बिल्डिंग आधी उभी राहते आणि मोठी लाईन मागून येते.

विचारायचे प्रश्न:

- नळाला रोज किती वाजता, किती वेळ पाणी येतं? वरच्या मजल्यावर चढतं का?
- मागच्या मे महिन्यात किती टँकर लागले?
- टँकरचे पैसे मालक भरतो की भाडेकरू? जे ठरेल ते करारात लिहून घ्या.

हे एजंटला विचारून उपयोग नाही. त्याच बिल्डिंगमध्ये दुपारी बारा-एकच्या सुमारास जा आणि वाळवण घालणाऱ्या किंवा दारात बसलेल्या काकूंना विचारा. त्या सगळं सांगतात, शिवाय मालक कसा आहे तेही कळतं.

५. गावात घर घेत असाल तर पूररेषा आणि वाडा तपासा

गोदावरीच्या काठाने पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या, निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात. कमरेला आलं, छातीला आलं, डोक्यावरून गेलं. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदाघाट आणि सराफ बाजाराच्या बाजूला दुकानांत पाणी शिरलं होतं. नासर्डी आणि वाघाडीच्या काठालाही हा धोका आहे. तळमजल्याची खोली स्वस्त मिळत असेल तर भिंतीवर खालून चार-पाच फुटांपर्यंत रंग फुगलाय का, ओलीची रेघ आहे का ते बघा. समोरच्या दुकानदाराला विचारा, "२०१६ ला पाणी कुठवर आलं होतं?" तो हाताने दाखवतो.

जुन्या वाड्यातल्या खोल्या विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळतात. मला स्वतःला वाडे फार आवडतात, सागवानी खांब, मधला चौक, उन्हाळ्यातही गारवा. पण दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत पडल्याची बातमी येतेच. नोटीस लागलीय का ते मालकाला सरळ विचारा. मातीची भिंत पोटाला सुटलेली दिसली, तुळईला टेकू लावलेला दिसला, तर मुलाबाळांना घेऊन तिथे राहू नका.

पंचवटी, तपोवन, जुनं नाशिक या भागात घर घेणाऱ्यांनी २०२७ चा सिंहस्थ लक्षात ठेवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अमृतस्नानांच्या दिवशी रस्ते बंद असणार आणि त्याआधी कामांसाठी खोदलेले असणार. करार त्या महिन्यांच्या पलीकडे जाईल असा करा, म्हणजे ऐन गर्दीत घर बदलायची वेळ येणार नाही.

शहराच्या कडेला, मळ्यांच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गंगापूरच्या पुढे, देवळाली आणि दारणाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या येतो. लहान मुलांना अंधार पडल्यावर एकटं बाहेर सोडू नका. पार्किंगला दिवा आहे का हे घर घेतानाच बघा.

६. एजंट, टोकन आणि फसवणूक

दलाली साधारण एक महिन्याचं भाडं असते. ती करार झाल्यावर द्यायची. घर दाखवायचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. स्वतः फिरून शोधायचं असेल तर किराणा दुकान, इस्त्रीवाला आणि बिल्डिंगचा वॉचमन यांना विचारा. सिडकोत तर "रूम भाड्याने देणे आहे" ही पाटी गेटवरच लटकलेली असते, आणि बरेच मालक खाली राहून वरचा मजला भाड्याने देतात. तिथे दलालीच लागत नाही.

ऑनलाइन जाहिरातीतला एक प्रकार ओळखून ठेवा. "मी लष्करात आहे, बदली झाली, घर बंद आहे, चावी पाठवतो, आधी टोकन पाठवा." देवळालीत तोफखान्याचं मोठं केंद्र असल्यामुळे इथे हे कोणालाही खरं वाटतं. सोबत ओळखपत्राचा फोटोही येतो. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. माझ्या पुतण्याचे पाच हजार असेच गेले.

७. भाडेकरार: नोंदणी केलीच पाहिजे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. "अकरा महिन्यांचा आहे, नोटरी करून टाकू, नोंदणी लागत नाही" असं मालक आणि एजंट दोघंही सांगतात. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला हा नेहमीचा अकरा महिन्यांचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झालाच तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालक टाळाटाळ करत असेल तर हे शेवटचं वाक्य त्याला शांतपणे सांगा. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी एवढ्यावरच काम झालं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर भाड्याचे ९९,००० आणि डिपॉझिटवर वार्षिक दहा टक्क्यांनी धरलेले २,७५० मिळून १,०१,७५०. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणी करून देणारा माणूस घरी येऊन अंगठे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. ती आधी ठरवा आणि निम्मी-निम्मी करा.

लागणारी कागदपत्रं:

- भाडेकरू: आधार, पॅन, फोटो, कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र, कायमचा पत्ता
- मालक: आधार, पॅन, इंडेक्स-२ (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा घरपट्टीची पावती, चालू लाईट बिल
- दोन साक्षीदार, दोघांचं आधार

करारात हे लिहून घ्या: डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स आणि टँकर कोण भरणार, घर सोडायची नोटीस एक महिन्याची की दोन. पहिलं घर सोडताना मालकाने भिंतीतले खिळे मोजले होते. चौदा खिळे, आणि त्या नावाखाली पूर्ण घराचा रंग डिपॉझिटमधून कापला. आमच्याकडे नोटरीचा कागद होता आणि त्यावर रंगाबद्दल एक शब्दही नव्हता.

करार झाला की पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली जाते. ती मालकाने भरायची असते, पण झाली का हे तुम्ही विचारा. नोंदणीकृत करार पुढे बँकेत पत्ता बदलायला, गॅसला आणि आधारवर पत्ता टाकायला लागतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांवरच्या प्रवेशासाठी भाड्याच्या घराचा नोंदणीकृत करारच मागतात, नोटरीचा चालत नाही. ज्यांचं मूल पुढच्या वर्षी शाळेत जाणार आहे त्यांनी ही गोष्ट आजच करून घ्यावी.

८. विकत घ्यायचं असेल तर

माझं मत स्पष्ट आहे: एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्या भागात भाड्याने काढल्याशिवाय घर घेऊ नका. नंतर हे तपासा.

- नव्या प्रकल्पाचा महारेरा नंबर आणि पूर्ण झालेल्या बिल्डिंगचा भोगवटा दाखला. दाखला नसेल तर पाण्याच्या कनेक्शनपासून कर्जापर्यंत अडचणी येतात.
- नाशिकमध्ये बऱ्याच बिल्डिंग सोसायटी नसून "अपार्टमेंट" असतात. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅट मालकाच्या नावावर करून देणारा दस्त) झालंय का ते विचारा. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.
- सिडकोची मूळ घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर दिलेली होती. हस्तांतरणाचे कागद आणि वर चढवलेल्या मजल्याची परवानगी वकिलाला दाखवूनच व्यवहार करा. तीन मजले उभे आहेत म्हणजे तीन मजले मंजूर आहेत असं नाही.
- हद्दीबाहेर "एनए (बिगरशेती) होणार आहे" म्हणून एक-दीड गुंठ्याचे तुकडे विकतात. सातबाऱ्यावर दहा जणांची नावं आणि तुमचा हिस्सा कुठला ते कोणालाच माहीत नाही, अशी जमीन कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

९. राहायला जाण्याच्या दिवशी

सामान आत घ्यायच्या आधी रिकाम्या घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, नळ, फ्लश, खिडकीची काच, गिझर चालू करून. भिंतीत आधीपासून असलेल्या खिळ्यांचे जवळून फोटो घ्या. लाईट बिलावरचा ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपवर टाकून आधीची थकबाकी आहे का ते बघा. पाईप गॅस असेल तर त्याचंही बिल बघा. मग मीटरच्या आजच्या रीडिंगचा फोटो काढा आणि व्हिडिओ, फोटो, चाव्यांची संख्या हे सगळं त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यांचा "ओके" आला की मग टेम्पोवाल्याला वर बोलवा.